अकरा दुपारी

सुगत वरच्या मजल्यावरचा, गजघाटे मास्तरांचा,
चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला.
म्हणाला, काकू, तुमची खोली रंगवायची आहे.
म्हटलं रंगव की बाबा, मोरीकडून पोपडे निघालेत,
चुना आणून देऊ काय?

हसला नाही. कॅनव्हास आणला,
तो जिन्यात अडकला, तिरपा करून काढला,
कूलरला टेकवून ठेवला.
ताटात संत्री ठेवू का, मी विचारलं.
नको, नागपूर म्हटलं की सगळे तेच काढतात,
तुम्ही रोज बसता तशा बसा.

आता रोज मी कशी बसते हे मला काय माहीत.
मेडिकलच्या रात्रपाळीवरून आठला येते,
वॉर्डाचा वास धुते, झोपते,
दोनला उठते तेव्हा लष्करीबागेत
रस्त्यावर कुत्रं नसते.
होळीनंतर आलेला जवस पडला होता पायलीभर.
सूप घेतलं मांडीवर.

तोच जवस मी अकरा दुपारी निवडला.
खडे चौथ्याच दिवशी संपले.
पुढे नुसता खडे शोधायचा चेहरा करून बसले.

रंगाचा वास ओळखीचा यायचा.
कसलं तेल रे हे?
जवसाचंच, काकू.
म्हणजे मांडीवर तेच,
आणि तिकडे माझ्या गालावर तेच.
मीठ-तिखट तेवढं नव्हतं.

कूलरचा आवाज काढता येत नाही म्हणून
वाळ्याच्या ताटीवर दोन दिवस खपला.
पंप बंद पडला की मी उठून थापट मारायची.
"काकू, हलून राहिल्या तुम्ही."
पाणी चढून नाही राहिलं बापा,
तुझं चित्र थांबेल, हा उकाडा थांबते काय?

सगळं काढलं त्यानं. सांडशी.
गॅसच्या नळीला गुंडाळलेलं फडकं.
दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर, पंधरा तारखेवर शून्य.
बुद्धाच्या लहान मूर्तीपुढची
अर्धी जळलेली मेणबत्ती.
आणि खुंटीवरचा ह्यांचा निळा शर्ट,
खिशावर कंपनीचं नाव, पण वाचता येऊ नये असं.
कूलरच्या वाऱ्यानं एक बाही जरा उचललेली,
हाक ऐकून कुणी हात वर करायला घ्यावा
आणि राहू द्यावा, तशी.

हे बुटीबोरीला. सहा चाळीसची कंपनीची गाडी.
मी येते तेव्हा उशीला ह्यांच्या डोक्याचा खळगा असतो,
त्यातच मी डोकं ठेवते.
भेट सात ते सव्वाआठ.
त्यात भाजी, लाइट बिल, होस्टेलवरून पोरीचा फोन.
अठरा वर्षं झाली.
भांडण असलं तर रविवारपर्यंत सांभाळून ठेवावं लागते.

चित्र झालं त्या संध्याकाळी
सुगतनं ते भिंतीला टेकवलं.
ओलं आहे, हात लावू नका.
हे आले, डबा खाली ठेवला, बुटासकट उभे राहिले.
वाटलं, म्हणतील बायकोला काळी काढली.
म्हणतील मी कुठे आहे यात.
शर्टाकडे बोट दाखवायला मी तयारच होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.
चित्रातल्याही नाही.
फरशीपाशी वाकले.
तिथं कूलरच्या वरच्या फटीतून
उन्हाची एक पट्टी येऊन पडते, तीनच्या सुमारास,
आधी माझ्या अंगठ्याशी,
मग सुपाच्या काठावर चढते.
मी कधी सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं काय त्यात.

"आपल्या घरात इथवर ऊन येते?"
येते.
"रोज?"
उन्हाळ्यात रोज.
"आणि तू इथं बसते."

कुकरची तिसरी शिट्टी झाली.
सव्वाआठ होऊन गेले, मी पर्स शोधत होते,
आणि हे तिथंच, ओल्या रंगापुढे उकिडवे,
पायात बूट,
चित्रात बघायचे, मग खाली,
खऱ्या फरशीवर
भिंतीपासून वीत टाकत.