पाणी मारायचे दिवस

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्या गल्लीत,
रात्री अडीचला. आधी नळाला खोकला येतो, मग पाणी.
परसातला हौद, पिंप, हंडे, पोरीची शाळेची बाटली,
दिवाळीलाच काढतो ते पितळी घंगाळ,
सगळं भरून ठेवतो.
आणि अशा गावात
माझ्या मधल्या खोलीची भिंत बारा महिने ओली.
समोरची यल्लूबाई म्हणते, तुमचं बरंय,
भिंतीलाच एक तोटी बसवा.

मी काय नाही केलं.
लग्नाच्या वर्षी चुना. दिराच्या लग्नात पिस्ता ऑइलपेंट,
दीड वर्षात पापडासारखा फुगला.
मग पुट्टी. मग पतसंस्थेचं भलंमोठं कॅलेंडर,
ज्याचा ऑगस्ट दरसाल जुलैला चिकटायचा.
कोपऱ्यात लोणा फुटायचा, पांढरा, बारीक.
धाकटी बोटाने चाटून सांगायची, खारट आहे गं.
त्या बाजूला ठेवली की तेंदूची पानं बुरशी धरायची,
कारखान्यात छाटणीवाला
हजारातल्या शंभर विड्या बाजूला सारायचा.
ओलीचा हिशेब मी असाच ठेवला, विड्यांत.

दस्तगीर गवंडी आला. बोलायच्या आधी
कलिंगड घेताना ठोकतात तशी भिंत ठोकत गेला.
पोकळ. पोकळ. इथं बरी. पोकळ.
"वहिनी, ह्याच्यावर सिमेंट कुणी मारलं?"
मी गप्प. मीच, भिशीच्या पैशातून.
"मातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे
तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
खालनं पाणी ओढूलालीय ती. बाहेर टाकू दे की तिला."

तीन दिवस छिन्नी.
पिस्ता गेला, सिमेंट गेलं, माझ्या लग्नाचा चुना गेला,
त्याखाली कुणाचा तरी निळा,
आणि निळ्याखाली, कमरेच्या उंचीवर,
तळहाताएवढे लाल डाग, ओळीने.
मी दचकलेच.
नवरा घरी आला, टॉवेलच्या कारखान्यातला कापूस
कानात तसाच. म्हणाला, अगं, रंग आहे तो.
सुताच्या लडी पिळून आजोबा इथंच हात पुसायचे.
मग फरशीवर टाच आपटली:
आणि इथं मागाचा खड्डा होता.
माग मोडीत निघाला त्या साली
राख, विटांचे तुकडे, हाताला येईल ते
लोटून बुजवला म्हणे, एका दुपारी.

बावीस वर्षं मी तिथंच बसून विड्या वळतेय.
मला कुणी बोललं नव्हतं.

पहार घातली तर राखेचा चिखल.
हौदाची भेग भिंतीपलीकडे, तिथंच, करंगळीएवढी.
म्हणजे रात्री जागून आम्ही जे साठवलं
त्यातलं किती तरी तो पीत होता,
जिथं पाय सोडून एक माणूस
जन्मभर बसला होता.

हौद लिंपला. खड्ड्यात खडी गेली.
भिंत एप्रिलभर उघडी ठेवली, कातडी काढल्यासारखी,
पाहुणे आले की मी तिच्याकडे पाठ करून बसायचे.
सोलापूरचं ऊन पहिल्यांदा कामाला आलं.
मग भिजवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू,
थापी, रंधा, ओळंब्याचा दोरा.
मी विचारलं, झालं?
"आता पाणी मारायचं. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ.
तहानेली राहिली तर तडकेल."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने भिंतीकडे.
हसू जरा उशिराच आलं.

आज नळ जाऊन तिसरा दिवस.
पानं भिजवलेलं पाणी चालेल? डाग पडतील.
तांदळाचं धुवण? नको.
नवरा अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतो,
उरलेली अर्धी तांब्याने भिंतीवर उडवतो,
हलक्या हाताने, वरून खाली,
कुणी शिकवलं त्याला काय माहीत.
यल्लूबाई एक कळशी उंबऱ्याच्या आत सरकवून गेली,
तोटीचं काही बोलली नाही.

धाकटीने बोट लावलं, जिभेवर ठेवलं,
तोंड वाकडं केलं.
खारट नाही, एवढंच म्हणाली.