औटकी

अप्पा बार्शीला अडतीत दिवाणजी.
पावकी, निमकी, पाऊणकी त्यांनी मला घोकून घेतली,
शाळेत ती कुणालाच येत नव्हती, बाईंनाही.
मुली हसायच्या.
आता लंडनमध्ये कॉफीच्या पाटीपुढे
तीच जिभेवर येते आपसूक:
साडेतीन पौंड. शंभराची औटकी साडेतीनशे,
वर पाचाची साडेसतरा.
मग मी नळाचं पाणी पिते.

अदलाबदलीचं एक सत्र, सप्टेंबर ते जानेवारी.
माझ्या बदल्यात इथलं कोण पुण्याला गेलं, मी विचारलं.
ऑफिसात कागद चाळून म्हणाले, यंदा कुणी नाही.
फी माफ झाली, ती शहराने वसूल केली:
लुईशमची खोली, कपाट उघडायचं तर
आधी दार लावावं लागतं,
आणि विजेच्या मीटरची निळी किल्ली,
कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणायची,
पूर्वी रॉकेल आणायचे तशी.
शेजारच्या खोलीतली इनेश, लिस्बनची, म्हणते
रडायचं असेल तर दिवा बंद करून रडावं.
तेवढीच बचत.

साडेसातनंतर सुपरमार्केटात पिवळी लेबलं लागतात.
आम्ही सगळे ओळखत असून अनोळखी उभे असतो,
पहिली पंगत उठायची वाट बघत असल्यासारखे.
कुणी कुणाला ढकलत नाही.
एकदा एका टायवाल्याने शेवटचा पाव माझ्याकडे सरकवला
आणि लगेच बिस्किटांची किंमत वाचू लागला.

हे अप्पांना सांगितलं नाही.
ते फोनवर विचारतात, "आज पौंड काय म्हणतो?"
तुरीबद्दल विचारावं तसं.
"चढाच आहे."
"उतरेल. आवक वाढली की उतरतो."
कशाची आवक, दोघांनाही माहीत नसतं.

नोव्हेंबरात चारलाच अंधार.
हीटर लावला की किल्ली रिकामी.
म्हणून म्युझियम शोधलं, फुकट,
आणि म्युझियमात बावीस नंबरचं दालन,
जिथे बाकाला लागून लोखंडी रेडिएटर आहे.
पाठ शेकत मी तिथे नोट्स वाचायची.
समोर एक चित्र होतं. असेल.

पाचव्या दिवशी डेल्रॉय, तिथला पहारेकरी, म्हणाला,
"तुला ती फार आवडलेली दिसते."
कोण ती?
मी हो म्हणाले. काय सांगणार, ऊब चोरतेय?
आणि खोटं बोलले म्हणून मग बघावंच लागलं.

एक बाई मासा साफ करतेय.
बाह्या कोपरापर्यंत वर, हात लाल, पाणी गार असावं.
मांजर माशाकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघतंय.
खिडकीत उजेड, संपत आलेला.
टेबलाच्या कडेला तीन नाणी,
द्यायची की आलेली, कळत नाही.
मी रोज वेगळं ठरवायची.

डिसेंबरात एकदा गेले, तर भिंतीवर नुसता फिकट चौकोन.
डेल्रॉय अवघडून उभा,
घरातलं कुणी गेल्यावर शेजारी उभे राहतात तसा.
"उसनं नेलंय तिला. माद्रिदला, मार्चपर्यंत.
मी आधी सांगायला हवं होतं."
मार्चमध्ये मी इथे नसणार.
रेडिएटर तापलेलाच होता.
मी बसले, आणि उठले.

त्या रात्री अप्पांनी पौंड विचारला
आणि मी चित्र सांगितलं.
बाई, बाह्या, मांजर, नाणी.
इतका वेळ काही आवाज नाही
की वाटलं, नेटवर्क गेलं.
मग अप्पा म्हणाले, "सुट्टे परत आलेत ते.
द्यायचे असते तर मुठीत असते तिच्या,
ओल्या का होईना."

आणि जन्मात मासा न खाल्लेले अप्पा
थोडं थांबून म्हणाले, "मासा केवढा होता गं?"

दिवा बंद होता.
मी अंधारात दोन्ही हात लांब करून दाखवले.