वजावट

कुपवाडच्या विमा दवाखान्यात
औषधाच्या खिडकीला एवढंच भोक आहे
की हात आत येतो, चेहरा बाहेर राहतो.
बावीस वर्षं मी हातच ओळखत आलोय.
फाउंड्रीचे, पुसून आणले तरी काळे.
हळद पॉलिशवाल्यांचे पिवळेजर्द,
त्यांना कावीळ झाली तर डॉक्टरही दोनदा बघतात.
तिचा हात सूतगिरणीचा, नखांत कापूस.

महादेवी ऐवळे, वय चोवीस, मूळ गाव उमदी, तालुका जत.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी
चिठ्ठी, कार्ड आणि हिरव्या बांगड्यांची किणकिण.
मी लाल गोळ्या मोजायचो,
म्हणायचो, जेवणानंतर घे, चहाबरोबर नको.
ती म्हणायची, हूं.
सात महिने आमचं बोलणं एवढंच.
आठव्या खेपेला बांगड्या वाजल्या नाहीत,
मनगटात रुतून बसल्या होत्या.
मी चिठ्ठी परत फिरवली,
मागे लिहिलं: सूज आहे, बीपी बघावा.

कार्ड मात्र बघितलं नाही.
सर्व्हर बंद होता, तो बंदच असतो,
आणि रांग पार सायकल स्टँडपर्यंत.

ठेकेदारानं मार्चपासून हप्ता भरलाच नव्हता.
तिच्या पगारातून कापत होता, दर महिन्याला, न चुकता.
म्हणजे कार्ड मार्चातच मेलेलं
आणि मी जूनमध्ये, जुलैमध्ये, ऑगस्टमध्ये
त्या मेलेल्या कार्डावर
एका जिवाला लोह देत होतो.

नोटीस मीच टाईप केली.
कारकून कणसे रजेवर, मुलीचं लग्न.
'पात्रता नसताना मोफत औषधे घेतल्याबद्दल'
इथपर्यंत बोटं सरळ चालली.
रुपये एक हजार तीनशे बारा, दंडासह.
'सात दिवसांच्या आत' याच्याखाली रेघ मारतात,
तीही मारली.

आज ती खिडकीवर आली नाही. दारानं आली.
पहिल्यांदा चेहरा पाहिला.
मला वाटलं होतं त्याहून लहान,
उजव्या भुवईत एक जुना व्रण,
काखेत झबल्यातलं गाठोडं.
रडेल, भांडेल, ठेकेदाराच्या आईचा उद्धार करेल
म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला.

तिनं टेबलावर एक पट्टी ठेवली.
कोपरे दुमडलेली, अकरा गोळ्या शिल्लक.
"ह्या पोटात गेल्या न्हाईत.
वकारी यायची. तेवढं वजा करा."

पस्तीस पैशाला एक.
अकराचे तीन रुपये पंच्याऐंशी पैसे.
मी रजिस्टर उघडलं.
दिलेल्या गोळ्यांना रकाना आहे,
मुदत संपलेल्यांना आहे,
उंदरांनी कुरतडलेल्यांनाही आहे.
परत आलेल्यांना नाही.

गाठोड्यातून एक मूठ बाहेर आली,
टेबलाची कड धरायला बघत होती.
सवयीनं मी नखं बघितली.
गुलाबी.
मी काही बोललो नाही. बोलायचं तरी काय,
की बाई, बाकीच्या गोळ्या इथं आहेत?

तिला घाई होती, दोनची पाळी.
"पावती द्या," म्हणाली.

बावीस वर्षांत या टेबलावर
मी कुणाकडून काही घेतल्याची पावती लिहिली नव्हती.
कोऱ्या कागदावर लिहिली.
अकरा गोळ्या परत मिळाल्या. येणे बाकी
एक हजार तीनशे आठ रुपये पंधरा पैसे.
खाली एक ओळ सुचली:
कार्ड तपासण्याचं काम औषध देणाऱ्याचं होतं.
पेन्शनला चौदा महिने आहेत.
ओळ आधी पेन्सिलीनं लिहिली,
मग ती कागद ओढतेय असं दिसल्यावर
तिच्यावरून पेन फिरवलं.

तिनं वाचलं नाही.
चार घड्या घातल्या, झबल्यात खोचली,
जाता जाता विचारलं,
"चहाबरोबर का नको म्हणायचा ओ?"