टाकीचं झाकण

नऊ वर्षं मी पारुलबेनकडे पोळ्या लाटते.
भायलीच्या त्या बंगल्यातलं सगळं मला ठाऊक:
कुणाला तूप जास्त, कुणाला मीठ कमी,
कुठला डबा कुठल्या मुलापासून लपवायचा.
घराचा अर्ज भरला, ते मात्र सांगितलं नाही.

तिच्याच दिवाणखान्यात मीटिंग भरली.
सतरा खुर्च्या. चहा मी नेला.
बोलणं मागच्या सरकारी ब्लॉकचं होतं.
"एवढी माणसं, एवढ्या स्कूटर, गटारावर लोड,"
केयूरभाई म्हणाले, "आपल्याला गरिबांचं वावडं नाही,
पण इथंच कशाला?"
कुणी जमिनीच्या भावाचं काढलं.
साखर किती, विचारत मी फिरले.
पिशवीत माझी पावती होती,
अर्ज क्रमांक चारशे एकोणीस.

सह्या झाल्या. पारुलबेननं माझ्याकडं न बघता केली.
किंवा बघितलंही असेल,
मी कप गोळा करत होते.

ड्रॉच्या दिवशी एका शाळकरी मुलीनं
डब्यातून चिठ्ठ्या काढल्या.
माईकवर माझं खानविलकरचं खानवेलकर झालं,
तरी मी उभी राहिले.
शेजारच्या बाईचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.
तिनंच मला तिची बाटली दिली:
"पाणी प्या, हात कापतायत तुमचे."

विश्वासनं फरसाणाच्या दुकानात, बिलाच्या पाठीवर हिशोब केला:
महिन्याचे तीस दिवस,
त्यातले अकरा बँकेचे.

मग त्यांनी भिंत वाढवली.
माझ्या खांद्याएवढी होती, आता तीन फूट वर,
त्यावर काचा, सोड्याच्या बाटल्यांच्या, हिरव्या.
भिंत नसती तर चाळीस पावलं.
आता कॅनॉलवरून वळसा, पावणेदोन किलोमीटर,
आणि गेटवर वॉचमनची वही:
नाव, वेळ, कुठून आलात.
'कुठून'पाशी पहिल्या दिवशी पेन अडलं.
मग लिहिलं, "मागून."

पण काचा कुणाला? आम्ही तिसऱ्या मजल्यावर.
ओट्याशी उभं राहिलं की त्यांची अख्खी गच्ची दिसते:
सोलरच्या नळ्या, कडी तुटलेला झोपाळा,
वाळत घातलेल्या मिरच्या, मीच घातलेल्या,
आणि टाकी.
"आई, मोठी घरं वरून किती रिकामी दिसतात," हेतल म्हणाली.
मी म्हटलं, अभ्यास कर.

परवा पहाटे टाकीचं झाकण उडालेलं.
रात्रभर वारा होता.
कडेवर एक कबूतर, आत डोकावणारं.
मी गॅस बारीक केला.
मनात आलं, अकराला जाईनच, तेव्हा सांगीन.
मनात आणखीही काही आलं, ते सांगत नाही.
सतरा सह्या आठवल्या,
प्रत्येकाच्या साखरेचे चमचे आठवले.
पण त्याच पाण्यात मी कणीक मळते.

"पारुलबेन, टाकी उघडी आहे तुमची."
"तने केम खबर?"
मी काही बोलले नाही.
तीही बराच वेळ बोलली नाही.

मग गच्चीचं दार उघडलं.
गाऊनमध्ये, केस सुटलेले.
तिच्या डोक्यावरचा पांढरा भांग
मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता.
तिनं झाकण शोधलं, बसवलं, वर वीट ठेवली,
आणि मान वर करून
एकेक खिडकी बघू लागली.
या बाजूला आमच्या अठ्ठेचाळीस खिडक्या.

मी दिवा लावला.
लगेच मालवला.
पुन्हा लावला.
पोळ्या करायच्या होत्या. आमच्या.