पुन्हा, दुर्लक्ष, की रद्द

दुआरनने बंदरामागे तिसरी गल्ली,
गुएनाएल ल बियाँ यांचं स्वयंपाकघर.
मेणकापडावर पालथा ॲमस्ट्रॅड,
स्क्रू कॉफीच्या बशीत मोजून ठेवलेले.

पहिलं दुखणं पडद्याचं.
चालू केला की एकच हिरवी रेघ,
आडवी, केसाएवढी,
सगळी अक्षरं तिच्यात चेपलेली.
"ओहोटीला असंच दिसतं," ल बियाँ म्हणाले.
मी म्हटलं, "नाही हो, डाग सुटलाय."

मॉनिटर रात्रभर निपचित ठेवला,
तरीही एक हात खिशात घालूनच आत गेले.
काचेच्या पोटात वीज दबा धरून बसते;
ज्यांच्याकडे शिकले त्या एर्वेंचा अंगठा
तिनेच काळा केला होता.
भिंगाखाली सापडली:
एका पायाभोवती गोल बारीक भेग,
बांगडी पिचावी तशी.
कथिलाचा थेंब, राळेचा धूर,
आणि रेघ वर-खाली उघडत गेली.
रेडी.
खाली चौकोनी कर्सर, न लुकलुकणारा.
म्हातारबुवा उठले
आणि स्वच्छ असलेली खिडकी पुसू लागले.

दुसरं दुखणं मुरलेलं.
सुरुवातीची डिस्क, तीन इंची, कडक कवचाची.
लेबलावर त्यांचंच अक्षर:
हात लावू नकोस, मादेन.
दिवा लागतो, मोटर गुणगुणते,
चकती जागची हलत नाही.
पडद्यावर प्रश्न:
पुन्हा? दुर्लक्ष? रद्द?
पुन्हा.
पुन्हा.
"आमच्या लिलावात," ते म्हणाले,
"तिसऱ्यांदा विचारलं की माल गेला."

ड्राइव्ह उघडला. पट्टा कुठला?
रबराचं डांबर झालेलं.
स्पिरिट, कापूस, अख्खी दुपार;
दोन दिवस माझ्या पावालाही तो वास.
त्यांनी लीकच्या जुडीचं रबर पुढे केलं.
मन मोडवेना, लावलं.
चकती झिंगल्यासारखी फिरली,
प्रश्न तोच.

खरा पट्टा रेनहून टपालाने आला,
नवव्या दिवशी.
त्या नऊ दिवसांत त्यांनी मला
सार्डिनचे भाव सांगितले, साल-सालवार,
बोटींची नावं, कोणती कुठे बुडाली तेही.
मादेनबद्दल नाही.

उभी रेघ, मग सी, पी, एम.
खर्र. थांबला. खर्र खर्र.
आणि डावीकडे 'ए', पुढे टोकदार खूण.
यादी मागितली.
मशीनची स्वतःची चार-सहा नावं,
मग
मादेन १, मादेन २,
मादेन ११ पर्यंत.

बोट काचेला न टेकवता
ते एकेका ओळीवरून खाली आले.
मी विचारलं, "उघडू?"
फ्रीज सुरू झाला, बंद झाला.
"हे चुकून पुसलं जाणार नाही ना?"

"आधी डिस्क काढायची," मी म्हटलं,
"मगच बटण. उलटं कधीच नाही."
त्यांनी दोन्ही हातांनी काढली.
कोपऱ्यातली खिटी
मी नखाने सरकवून दिली.