नमुना क्रमांक सतरा

बर्फात बुडवून येते शीर,
दोन सेंटिमीटर, गांडुळासारखी वळलेली.
डबीवर नाव नाही, नुसता आकडा: सतरा.
नाव विचारायचं नसतं. नियम आहे.

पण रास्ता पेठेत, आमच्या बोळाच्या तोंडाशी,
बिडव्यांच्या शटरवर बुधवारपासून पाटी आहे:
'पायाच्या शिरेचे ऑपरेशन. दुकान दहा दिवस बंद.
प्रकृतीची चौकशी घरी येऊन करू नये.'

मिठाच्या गार पाण्यात शीर धुते
जुनं रक्त सुटेपर्यंत.
कातरते, वाटते, यंत्रात गरगरवते,
वरची निवळ तेवढी उचलते.
मग आम्ल. मग उकळत्या पाण्यात एक तास, घड्याळ लावून.

एका तासात
सदतीस वर्षं कशी मावतील?

सकाळी सात ते रात्री नऊ, एका खुर्चीभोवती
फरशीवर झिजलेला गोल.
रक्ताला टाचेपासून काळजापर्यंत चढ असतो.
पोटरी आवळली की ते वर सरकतं,
मागून झडपा दार ओढून घेतात.
उभा माणूस चालत नाही. पोटरी गप्प.
उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही,
तसंच.
साचतं, झडपा फाकतात, आणखी साचतं,
आणि ज्या प्राणवायूवर जगायचं
तोच जोडी मोडलेला इलेक्ट्रॉन घेऊन सैरावैरा,
शेजाऱ्याला ओरबाडतो. शेजारी पुढच्याला.
शिरेच्या भिंतीतली चरबी गंजते.
गंज काही लोखंडाचीच मक्तेदारी नाही.

राखणदार असतात, मला नावं पाठ आहेत.
कॅटालेज, विषाचं पाणी करून बुडबुडे सोडणारं.
ग्लुटाथायॉन, स्वतः जळून दुसऱ्याला विझवणारं,
मग कुणीतरी त्याला पुन्हा उठवायचं.
तेही चौदा तास उभेच होते.
त्यांना शटर नाही, पाटी नाही.

नळी वर काढली. गुलाबी.
लग्नातल्या फेट्यासारखा देखणा रंग.
जितका गुलाबी, तितकं नुकसान.
वहीत लिहिलं, दशांशापुढे तीन आकडे.

अकराव्या दिवशी मुलाला घेऊन गेले.
बिडव्यांच्या पायात गुडघ्यापर्यंत घट्ट मोजा,
कोपऱ्यात चाकाचं नवं स्टूल, वरचं प्लास्टिक तसंच.
"डॉक्टर म्हणतात बसून कापा.
बसून कापलं की कल्ले वरखाली होतात हो, ताई."
मग आरशातूनच, "तुम्ही लॅबवाल्या ना?
रोज आवळा खाल्ला तर?"

खा, म्हटलं. आवळा चांगलाच.
नळीत त्याचा रस टाकला की गुलाबी फिकटतो, पाहिलंय मी.
पण नळीला पोटरी नसते.
दर गिऱ्हाइकामागे कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारा.

"आणि दुकान कोण बघणार?" म्हणाले,
फणी ओली केली, मुलाचं डोकं पुढे वाकवलं.
सतरा हा आकडा माझ्या तोंडून निघाला नाही.

बाक रिकामा होता.
मी उभी होते, सकाळपासूनचीच.
डावी टाच उचलली, टेकवली.
मग उजवी.