प्लेटखालचा निळा

हेझल किणी गिटार घेऊन आली
बेडशीटमध्ये गुंडाळून, वरून सुतळी.
उत्तनहून निघाली होती सकाळीच,
खेतवाडीची गल्ली तिला दोनदा चुकली.
"डॅडींची. ओरिजनल आहे का, एवढंच सांगा.
अंधेरीचा एक माणूस मागे लागलाय."

ओरिजनल.
हा शब्द ऐकला की मी
आधी हात धुऊन येतो.

रंग काळा. चकचकीत, जरा जास्तच.
कोपर टेकतं तिथे झिजून
खालून हिरवं डोकावत होतं,
कच्च्या पपईच्या सालीसारखं.

शेजारच्या सोनाराकडून
नोटा तपासायचा दिवा आणला, दार लोटलं.
जुनं रोगण त्या उजेडात चमकतं,
ताकावरच्या निवळीसारखं.
हे चमकलं नाही. तव्यासारखं बसून राहिलं.
फक्त त्या हिरव्या टवक्याच्या कडेला
निवळीचा एक थेंब.

मग मान उतरवली.
कारखान्यात रंगाआधी अंगात खिळे ठोकतात,
त्या खिळ्यांवर उभं ठेवून वाळवतात, मग उपटतात.
म्हणून त्या भोकांत
लाकूड कोरं लागतं.
मी सुई घातली.
सुईला काळं आलं.

"नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं.
हात मात्र प्लेटच्या स्क्रूंवर गेले, सवयीनं.
अकरापैकी दहाच निघाले,
एका जागी आगपेटीची काडी.

प्लेट उचलली, आणि खाली
वीतभर निळा.

हिरवा तो कधी नव्हताच.
वरचं रोगण पिवळं पडत गेलं
आणि दोघं मिळून सगळ्यांना हिरवे दिसत राहिले.
इथे ऊन नव्हतं, घाम नव्हता.
चाळीस वर्षांत हा निळा मी
एका फाटक्या कॅटलॉगात पाहिलाय, बस.

पण त्याच्या कडा सरळ होत्या.
कुणीतरी कागद चिकटवून
तेवढा तुकडा मुद्दाम राखला होता.
बाजूच्या खोबणीत, तारांच्या मागे, पेन्सिल:
"मूळ रंग झाकून ठेवला आहे. वर काळा.
ठरले ४०. आले २०. बाकी २०."

'मूळ'मधला तो ळ, 'काळा'मधला तो ळ,
पोटात गाठ मारलेला.
माझ्या प्रगतिपुस्तकांवर सगळ्या सह्या
त्याच हाताच्या.
बाबा पेट्या दुरुस्त करायचे. हार्मोनियमच्या.
गिटारचं कधी बोलले नाहीत.
फ्लिटच्या पंपानं मोटारीचा रंग मारला असणार,
इथेच, या मोरीपाशी.

हेझल म्हणाली, "चर्चगेटला हॉटेलात वाजवायचे.
मॅनेजर म्हणाला, सगळे काळ्या कोटात,
हे मधेच निळं काय?"

मी सगळं सांगितलं. निळा खरा आहे, दुर्मीळ आहे.
काळ्यानं निम्म्याहून जास्त किंमत खाल्ली.
अंधेरीचा माणूस तो खरवडून काढेल,
खरवडताना निळाही थोडा जाईल.
आणि काळा मारणारा माझा बाप.

तिनं चष्मा लावला.
पेन्सिल दोनदा वाचली, बोट न लावता.
मग पर्समध्ये बराच वेळ शोधून
दहाच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या.
"डॅडी कुणाचे बुडवणारे नव्हते."

घेतल्या. काय करणार.
दहा स्क्रू परत बसवले.
काडी तेवढी नवी घातली.